पाठ, खांदा, उजेड: लाइफ मॉडेलचा पोर्टफोलिओ

चित्रकारांसमोर विवस्त्र बसायचं काम मी करतो, ही बातमी आमच्या नातेवाइकांत आता जुनी झाली. सुरुवातीला 'मॉडेल' म्हटल्यावर एका मावसभावाने सूटिंग-शर्टिंगची जाहिरात आहे का, असं विचारलं होतं. खरं काय ते कळल्यावर त्याने विषय थेट खडकवासल्याच्या पाणीसाठ्यावर नेला.

मी छप्पन्न वर्षांचा. पुण्यात राहतो. एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये नोकरी केली आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली. शाळेत असल्यापासून पुढे बरीच वर्षं तालमीत मल्लखांब केला. तिथला एक दोस्त चित्रकार झाला. त्यांच्या रविवारच्या ग्रुपला मॉडेल मिळत नव्हता आणि मला अंग उघडं टाकायची लाज नाही हे त्याला माहीत होतं. लंगोटावर वावरलेल्या माणसाला शेवटची पट्टी सोडणं जड जात नाही, असं मी तेव्हा ऐटीत म्हणालो. ते अगदी खरं नाही, पण फार खोटंही नाही. पहिली पाच मिनिटं हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. मग तळपायाला मुंग्या येतात आणि सगळं लक्ष तिकडे जातं.

ग्रुपची पद्धत सगळीकडे असते तशीच. आधी तीस सेकंदांच्या, मिनिटाच्या झटपट पोझ, त्यात चित्रकारांचा हात मोकळा होतो. मग पाच मिनिटांच्या. मग वीस मिनिटांची एक लांब पोझ, मध्ये विश्रांती, आणि पुन्हा तीच पोझ. पावलांभोवती खडूने रेघ मारून ठेवतात म्हणजे परत उभं राहताना जागा चुकत नाही. फोन पिशवीत ठेवायचे. दार आतून बंद. मॉडेलच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, पोझ बदलायची तर तोंडाने सांगायचं. हे नियम इतके अंगवळणी पडले होते की कॅमेऱ्यासमोर जायची वेळ आली तेव्हाच ते किती मोलाचे आहेत हे लक्षात आलं.

पुण्याबाहेरून विचारणा यायला लागली आणि फोटोंचा प्रश्न उभा राहिला. मुंबईचा एक ग्रुप, गोव्यात कार्यशाळा घेणारे एक शिल्पकार. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: "फोटो पाठवाल का?" रास्त आहे. मॉडेल कोणत्या वयाचा, कोणत्या बांध्याचा, हे बघितल्याशिवाय शिल्पकार आर्मेचर, म्हणजे मातीच्या आतला सांगाडा, कसा बांधणार? पण माझ्याकडे होते ते लग्नाकार्यातले फोटो आणि आधार कार्डावरचा. ते कुणालाच दाखवू नयेत.

जाहिरातींच्या मॉडेलचा पोर्टफोलिओ कसा असतो हे नेटवर बघायला मिळतं. चेहरा जवळून, पूर्ण उंची, बाजूने, हसताना, दोन-तीन पोशाखांत. त्यातलं चित्रकाराच्या कामाचं जवळजवळ काहीच नाही. त्याला बघायचं असतं की वजन एका पायावर टाकलं की या माणसाचं कंबरेचं हाड कुठे जातं, पाठीचा कणा कसा वळतो, बसल्यावर पोटाला किती घड्या पडतात, मान खांद्यांतून कशी निघते. आणि हे सगळं किती वेळ तसंच राहतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, पण स्थिर राहणं फोटोत दाखवायचं कसं? फोटोत तर सगळेच स्थिर असतात.

चित्रकारांसाठी नग्न माणसांचे फोटो काढणं हे काही आजचं नाही. फोटोग्राफी नवी होती तेव्हाच, १८५४ मध्ये, फ्रान्सचे चित्रकार देलाक्र्वा हे युजीन द्यूरिय यांनी काढलेले नग्न मॉडेलचे फोटो समोर ठेवून रेखाटनं करत होते. एडवर्ड मायब्रिज यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काढलेली ७८१ पानांची हालचालींच्या फोटोंची मालिका १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चालणारे, ओझं उचलणारे, कुस्ती खेळणारे उघडे पुरुष आहेत. मला ती फार आवडते. त्यातल्या माणसांच्या चेहऱ्यावर 'मी कसा दिसतोय' हा भाव नाही. त्यांना पायरी चढायची आहे, ते चढतायत, बस. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी आधी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती बघून शरीर शिकत. ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ मध्ये तिथले प्रमुख झाले आणि नग्न मॉडेल समोर बसवून शिकवायला त्यांनी सुरुवात केली. म्हणजे आमच्या या कामाला इथे शंभर वर्षं होऊन गेली. तरी घरात सांगताना घसा कोरडा पडतोच.

घरात म्हणजे बायकोला. वर्गात बसायला तिची हरकत नव्हती. फोटो म्हटल्यावर तिने हातातली भाजी बाजूला ठेवली.

"अहो, वर्गात वीस जण तुमची वीस चित्रं काढतात. एकात तुम्ही जाडे, एकात बारीक, एकात तर कोण म्हातारा बसलाय तेच कळत नाही. फोटोत मात्र तुम्हीच असणार."

मी म्हटलं, "अगं, मीच असावा म्हणूनच काढायचाय."

"ते मला कळतंय. तो उद्या कुणाच्या फोनवर असेल, एवढं मला सांगा."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पुढचं सगळं त्याच प्रश्नाभोवती ठरत गेलं. चित्रात चित्रकाराचा हात मधे असतो. माझं शरीर त्याच्या हातातून जातं, गाळलं जातं, आणि कागदावर उतरतं तेव्हा ते निम्मं त्याचं झालेलं असतं. कॅमेऱ्यात असा आडोसा मिळत नाही. तो आडोसा आपणच उभा करायचा, कुठे उजेडाने, कुठे पोझने, कुठे कागदावर सही करून. 'सुरुचीपूर्ण फोटो' म्हणतात त्याचा मला कळलेला अर्थ एवढाच.

तिच्या दोन अटी ठरल्या. पूर्ण विवस्त्र फोटोत चेहरा दिसणार नाही, आणि चेहरा दिसेल त्या फोटोत कंबरेला वस्त्र असेल. दुसरी अट, फोटो काढताना ती तिथे बसणार. मी तिसरी घातली: गुप्तांग एकाही फोटोत थेट दिसायला नको. वर्गात ते झाकत नाहीत, झाकायचं कारणही नाही, कारण चित्रकाराला मांडीचा सांधा कसा बसतो ते बघायचं असतं. पण पोर्टफोलिओ हा पहिल्या ओळखीचा कागद आहे. पहिल्या ओळखीत एवढं पुरे.

फोटोग्राफर शोधताना पहिल्यांदा ज्याच्याकडे गेलो त्याचं काम चांगलं होतं, लग्नांचं आणि जिमवाल्या पोरांचं. त्याने माझ्याकडे बघून लगेच अंगाला तेल, मागे धूर आणि खालून लाल लाइट अशी योजना सांगितली. पैसे घेणार नव्हता, फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी तेवढी मागत होता. 'फुकट काढतो, मला वापरू द्या' हा व्यवहार या धंद्यात सर्रास चालतो आणि नव्या मुलामुलींना तो बरा वाटतो. मला तो महाग वाटला. पैसे दिले की आपण गिऱ्हाईक असतो आणि अटी घालू शकतो. चहा पिऊन निघालो.

मग आमच्या ग्रुपमधल्या शिल्पकार बाईंनी एक नाव सुचवलं. ही मुलगी शिल्पांचे फोटो काढते, प्रदर्शनांच्या कॅटलॉगसाठी. दगड, ब्राँझ, टेराकोटा. माणसांचे ती फारसे काढत नाही. मला तेच पटलं. जिला ब्राँझच्या मांडीचा गोलवा सपाट कागदावर दाखवता येतो, तिला माझी मांडी जड जाणार नाही. ती वयाने माझ्या पुतणीएवढी. पहिल्या भेटीतच म्हणाली, "काका, मला शिल्पाशी बोलावं लागत नाही, तेवढं सांभाळून घ्या."

फोटो काढण्याआधी आम्ही कागद केला. साध्या मराठीत, एक पान. फोटो कशासाठी वापरायचे, कोण दाखवू शकतं, मूळ फाइल कुणाकडे राहणार, ती स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून कोणते फोटो वापरू शकते (फक्त पाठीचे, तेही मला विचारून), खोलीत कोण कोण असेल, मी केव्हाही थांबवू शकतो. कार्डावरचे फोटो माझ्यासमोर दोन हार्ड डिस्कवर घ्यायचे, एक तिची, एक माझी, आणि कार्ड तिथेच पुसायचं. तिच्या कपाटातली डिस्क वर्षाने रिकामी करायची. हे लिहून काढताना दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं, पण त्यानंतर खोलीत कुणालाच अवघडायची गरज पडली नाही.

कायद्याचं थोडं वाचून ठेवलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाप्रमाणे, कुणाच्याही खासगी अवयवांचं चित्र त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय, तिच्या खासगीपणाचा भंग होईल अशा रीतीने टिपणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम पुरुषालाही लागू आहे, बाईलाही. बाईच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं ७७वं कलम आणखी स्पष्ट आहे: तिने फोटो काढायला हो म्हटलं असेल पण पसरवायला नाही, आणि तरी कुणी पसरवला, तर तो गुन्हाच. काढायची संमती वेगळी आणि दाखवायची वेगळी, हे कायद्यालाही समजतं. मॉडेलनेही सही करताना तसंच वेगवेगळं लिहून घ्यावं. विशेषतः बायकांनी. या कामात पुरुषाला लोक फार तर हसतात, बाईचं घर मोडू शकतं.

अश्लीलतेची भीतीही लोक घालतात. चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रांवरून खटला झाला होता आणि ते सुटले. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांच्या विवस्त्र फोटोच्या प्रकरणात सांगितलं की नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता होत नाही, फोटो काय सांगतो ते आजच्या समाजाच्या नजरेने बघायचं. तो फोटो त्या मुलीच्या वडिलांनीच काढलेला होता. अगदी अलीकडे, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, पदमसी आणि आपले गोव्याचे सोझा यांची नग्नचित्रं कस्टमने अश्लील म्हणून अडवली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने सोडायला लावली. मायबाप कोर्ट पाठीशी आहे, तरी आपण कोर्टापर्यंत जायचं नाही, एवढं धोरण मी ठेवलं.

आता तयारी. ही कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो. आदल्या संध्याकाळपासून अंगावर घट्ट काही घालायचं नाही. इलॅस्टिकचा वळ कंबरेवर तासन् तास राहतो आणि एका बाजूच्या उजेडात तो पांढऱ्या शाईने रेघ ओढावी तसा दिसतो. मी जुना लेंगा नाडी सैल करून घातला, मोजे टाळले, घड्याळ काढून ठेवलं. अंगाला तेल नाही, पावडर नाही. तेलाने अंग चकाकतं आणि चकाकीत आकार हरवतो. छातीवरचे केस तसेच ठेवायचे. टाचांच्या भेगांना मी मलम लावून गेलो होतो, तर फोटोग्राफर मुलगी म्हणाली, "कशाला काका? पायाचं चित्र काढणाऱ्याला भेगाच तर आवडतात."

बाकी एक गोष्ट तयारीने जात नाही. आपल्याकडच्या पुरुषाचं अंग दोन रंगांचं असतं. मनगटापासून अर्ध्या बाहीपर्यंत एक, त्याच्यावर दुसरा. गळ्याशी बनियनचा आकार. रंगीत फोटोत मी दोन माणसं जोडून केल्यासारखा दिसत होतो. शेवटी बहुतेक फोटो कृष्णधवल ठेवले, तरी रंगीत दोन मुद्दाम घेतले, कारण रंगात काम करणाऱ्याला आधीच कळलेलं बरं.

आणि करगोटा. लहानपणापासून कंबरेला काळा करगोटा आहे, तो काढायचा की ठेवायचा यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. तिचं म्हणणं, ती आडवी काळी रेघ शरीराचे दोन भाग करते. बायकोचं म्हणणं, तो काढला तर खालचा गोरा पट्टा दिसेल, तोही दोन भागच करेल. करगोटा राहिला.

जागा पेठेतल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेला एक उंच खिडकी. उत्तरेकडून हिवाळ्यात ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे उजेड तासन् तास एकसारखा राहतो. चित्रकार स्टुडिओसाठी अशाच खोल्या शोधतात. तिने मला खिडकीच्या बाजूला उभं केलं, दुसऱ्या बाजूला काळं कापड टांगलं. अंगाची उजेडाकडची बाजू उजळ, पलीकडची हळूहळू काळोखात जाते. मग गोलवा दिसतो, हाड कुठे वर आलंय ते दिसतं. समोरून फ्लॅश मारला की हे सगळं सपाट होतं आणि माणूस उघडा पडतो. तोच देह, तीच पोझ, नुसता उजेड फिरवला की फोटो अभ्यासाचा होतो किंवा पंचनाम्याचा. सावली फार गडद व्हायला लागली की ती काळ्या कापडापुढे थर्माकोलची पाटी धरायची, तेवढ्याने मांडीची मागची कड परत दिसायला लागायची.

कॅमेरा तिपाईवर, माझ्या बेंबीच्या उंचीला, चांगला लांब. ८५ मिलिमीटरची लेन्स. मोबाइलने जवळून काढलं की पुढे आलेला हात हाताएवढा राहत नाही, गुडघा डोक्यापेक्षा मोठा होतो. शिल्पकार त्यावरून प्रमाण ताडायला गेला तर फसेल. लांबून काढलं की अवयवांचं एकमेकांशी असलेलं नातं खरं राहतं.

डिसेंबर होता. हीटर आणला होता, पण तो जवळ ठेवला की एका पोटरीला भाजतं आणि लांब ठेवला की अंगावर काटा येतो. फोटोत काटा स्पष्ट दिसतो. दर पोझनंतर गाऊन अंगावर घ्यायचा, दोन-चार सूर्यनमस्कार घालायचे, मग पुन्हा. बायको कोपऱ्यात खुर्चीवर शब्दकोडं सोडवत होती. मध्येच "'अंगरखा'ला चार अक्षरी शब्द?" असं तिने विचारलं, आणि फोटोग्राफर मुलगी इतकी हसली की तिपाई हलली.

पहिले बरेच फोटो फुकट गेले म्हणायला हरकत नाही. कॅमेरा दिसला की मी पोट आत ओढत होतो, छाती काढत होतो. तालमीची सवय. "काका, तुम्ही फोटोला उभे आहात. वर्गात कसे उभे राहता?" वर्गात मी पोझ घेतो आणि विसरतो. मग आम्ही तसंच केलं. मी पोझ घ्यायची, तिने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. तीन-चार मिनिटांत पोझ मुरते. धरून ठेवलेलं पोट आपोआप सुटतं, खांदे कानांपासून खाली उतरतात, वजन खरंखुरं टाचेत जातं. चेहराही बदलतो, फोटोतला भाव निघून जातो. मग ती एक किंवा दोन फोटो घ्यायची. शटरचा आवाजसुद्धा कमी यायला लागला आणि खोली वर्गासारखी वाटायला लागली.

पोझ आम्ही आधी कागदावर ठरवून नेल्या होत्या. एका पायावर भार टाकून उभं राहणं, म्हणजे आपल्या मूर्तींमधला त्रिभंगच, पण इतका डौलदार नाही. पाठमोरं उभं राहून हात मागे गुंफलेले, यात खांद्याची पाती छान उघडतात. एक गुडघा टेकून. स्टुलावर बसून धड वळवलेलं. जमिनीवर पाय दुमडून, कपाळ गुडघ्यांवर. आणि आडवं झोपून, पावलांच्या बाजूने घेतलेला, ज्यात पावलं मोठी आणि डोकं लांब कुठेतरी दिसतं. शिकणाऱ्यांना याच कोनाचा सगळ्यात जास्त घाम फुटतो, म्हणून हा फोटो हवाच. इथे लांबची लेन्स काढून मधली लावली.

तिला मल्लखांबाची एखादी पोझ हवी होती. दिसायला ती सुरेखच दिसली असती. मी नको म्हटलं. लाकडावर पायाच्या तिढ्यात मी एके काळी लटकत होतो, आज मिनिटभरही धड लटकणार नाही. पोर्टफोलिओत जे दाखवलं ते गिऱ्हाईक मागणार आणि वीस मिनिटं मागणार. जी पोझ धरता येत नाही तिचा फोटो देणं ही सरळसरळ फसवणूक आहे. काही तरुण मॉडेल हात डोक्यावर नेलेले फोटो हौसेने देतात. हात वर धरून पाच मिनिटं उभं राहून बघा.

वस्त्राचं प्रकरण मजेशीर झालं. तिने मरून रंगाचं साटिन आणलं होतं. कंबरेवरून ते सरकत जमिनीवर आलेलं, अशी रचना. लॅपटॉपवर फोटो बघून बायको म्हणाली, "हे परफ्यूमच्या जाहिरातीसारखं दिसतंय. आणि परफ्यूम तुम्ही लावत नाही." तिचं बरोबर होतं. अर्धवट सरकलेलं कापड सगळ्यात जास्त चावट दिसतं, कारण ते अजून सरकेल असं बघणाऱ्याला वाटत राहतं. पूर्ण विवस्त्र पाठ त्याच्यापुढे सोज्वळ वाटते. साटिन गेलं. मी घरून वडिलांचं जुनं धोतर नेलं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते नीट नेसून दोन फोटो काढले, चेहऱ्यासकट, आणि त्याच्या चुण्या इतक्या छान पडल्या की पुढे एका चित्रकाराने फोटो बघून फक्त चुण्यांबद्दलच विचारलं.

पुरुष मॉडेलला लोक एक प्रश्न विचारू बघतात आणि विचारत नाहीत. उत्तर देऊन टाकतो: थंडी, मुंग्या, कंबरेत भरलेली उसण आणि 'किती मिनिटं राहिली' या चौघांपुढे पाचव्या विचाराला जागा उरत नाही. आणि कधी उरलीच, तर गाऊन घ्यायचा आणि बाहेर जाऊन पाणी प्यायचं. त्याचा बाऊ करायचं कारण नाही.

स्थिर राहणं फोटोत दाखवायचं कसं, हा माझा जुना प्रश्न तिने सोडवला. स्टुलावरची वळलेली पोझ मी पूर्ण वीस मिनिटं धरली. कॅमेरा जागचा हलवला नाही. पहिल्या मिनिटाला एक फोटो, विसाव्या मिनिटाला दुसरा. दोन्ही पोर्टफोलिओत शेजारी शेजारी लावले. बारकाईने बघितलं तर डावा खांदा थोडा उतरलाय, हनुवटी किंचित खाली आली आहे, बाकी जिथल्या तिथे. तिने लॅपटॉपवर एकावर एक ठेवून दाखवलं तेव्हा मला जेवढं बरं वाटलं, तेवढं कुठल्याच देखण्या फोटोने वाटलं नाही.

निवडीच्या वेळी मी फारसा बोललो नाही. स्वतःच्या फोटोत माणूस स्वतःला शोधतो, आणि ते शोधणं इथे निरुपयोगी. बायको आणि ती मुलगी, दोघींनी ठरवलं. अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा वण तसाच राहिला. पोटाची घडी जराशी कमी करता येईल का, असं मी सहज म्हणून बघितलं. दोघींनी ऐकलंच नाही. एडवर्ड वेस्टन यांनी १९३६ मध्ये काढलेलं कॅरिस विल्सन यांचं बसलेलं नग्न छायाचित्र आहे, जगभर गाजलेलं. मान खाली, चेहरा दिसत नाही, हातापायांचा एक बंद आकार झालेला. त्यात केसांचा भांग सरळ नाही आणि पिना दिसतात. त्या पिना आहेत म्हणून ती बाई खरी वाटते. कातडी गुळगुळीत करून दिली की चित्रकाराला काढायला उरतं काय?

फोटो हातात आल्यावर ते पाठवायचे कसे, हे फोटो काढण्याइतकंच विचाराचं काम आहे. मी दोन संच केले. पहिल्यात धोतरातले, लंगोटातले आणि दोन पाठीचे. विचारणा आली की हा जातो. दुसरा संच समोरच्याशी फोनवर बोलणं झाल्यावर, तेही त्याने आधीचं काम दाखवल्यावर. फोटोंचा आकार मुद्दाम लहान, छापता येणार नाही इतका. ज्याला पाठवतो त्याचं नाव प्रत्येक पानावर फिकट अक्षरांत, म्हणजे उद्या कुठे फिरला तर कुठून सुटला ते कळेल. फाइलमध्ये लपलेली तारीख, जागा वगैरे माहिती त्या मुलीने आधीच काढून टाकली होती. व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. तिथे 'फॉरवर्ड'चा बाण बोटाच्या फार जवळ असतो.

सोशल मीडियावर यातला एकही फोटो नाही. गंमत बघा, इन्स्टाग्रामच्या नियमांत नग्न माणसाचा फोटो बसत नाही, पण नग्न चित्राचा किंवा शिल्पाचा फोटो चालतो. त्यामुळे माझी कितीतरी चारकोलची रेखाटनं तिथे बिनदिक्कत फिरतायत, चित्रकारांच्या सहीनिशी. त्यातल्या एकाला आमच्या त्या मावसभावाने लाइक दिलेलं आहे. मी त्याला काही सांगितलेलं नाही.

गोव्याच्या शिल्पकारांना पहिला संच पाठवला, बोलणं झालं, मग दुसरा पाठवला. त्यांनी देखण्या फोटोंबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते दोन शेजारचे फोटो उघडून बसले असणार, कारण फोनवर पहिला प्रश्न आला, "हा डावा खांदा दुसऱ्यात खाली गेलाय, ते थकल्यामुळे की सवयीने?" थकल्यामुळे, म्हणालो. "मग मला दुसऱ्या फोटोतला खांदा हवा. पहिल्यातला फार हुशार वाटतो." करगोटा राहू दे म्हणाले, आणि त्यांच्या शेडमध्ये पंखा आहे पण पडदा नाही, तो ते लावून घेणार आहेत.

म्हणजे विसाव्या मिनिटाचा खांदा मला पहिल्या मिनिटाला आणून द्यायचाय, आणि माती ओली असेपर्यंत रोज तोच. ते वाटतं तितकं सोपं नाही. मुद्दाम पाडलेला खांदा लगेच ओळखू येतो. सध्या घरी स्टुलावर बसून सराव चालू आहे. बायको समोर फोटो धरून बसते आणि "अजून नाही, अजून नाही" म्हणत राहते.